सलोख्याची पोरं

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा गावांना धड नावंही पडली नव्हती. एका नदीच्या अल्याड एक गाव होतं आणि पल्याड एक. दोन्ही गावांनी एकमेकांत लेकी दिलेल्या. पण बंधाऱ्याच्या पाण्यावरून जुंपली ती कित्येक वर्षं मिटेना. गंजी जळल्या, घरं जळली, माणसं मेली. शेवटी दोन्हीकडचे दमले.

आता सलोखा करायचा, तर त्याची रीत ठरलेली. ह्या गावाचं एक मूल कायमचं त्या गावात राहायला जायचं, त्या गावाचं ह्या गावात. आपलं लेकरू तिकडं असल्यावर हात उगारणार कोण? सगळ्यांना ही रीत मोठी शहाणपणाची वाटायची.

अल्याडहून तानीला निवडलं. सात वर्षांची पोर. बाप ह्याच भांडणात गेलेला. आई कळवळून म्हणाली, "एवढी एकच उरलीय हो मला!" पण ऐकतो कोण? पल्याडहून एक मुलगा आणला होता, तो सारखा मागं वळून आपल्या आईला शोधत होता.

नदीकाठी दोन्ही गावं जमली. पल्याडच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी भाकरीचा तुकडा तानीपुढं धरला. तो खाल्ला की ती त्यांची. तानीनं तुकडा घेतला, पण खाल्ला नाही. आपल्या गावच्या कारभाऱ्यांना तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही परत भांडलात तर हे लोक मला काय करतील?"

"छे गं! आता कोण भांडतंय? शपथ घेतलीय आम्ही."

"मग मला कशाला पाठवता?"

आजोबा म्हणाले, "तसं नव्हे गं... म्हणजे, समजा झालंच भांडण..."

"मग तर मी तिथं नकोच ना!"

आता आली का पंचाईत! भांडण होणार नसेल तर पोर पाठवायची गरज नाही, आणि होणार असेल तर पाठवणं म्हणजे तिला मारायलाच देणं. हे कारभारी त्यांच्याकडं बघतात, ते ह्यांच्याकडं. गर्दीतला एक म्हणाला, "पण रीत आहे." दुसरा म्हणाला, "आहे खरी, पण कशासाठी आहे?" तिसरा नुसतंच डोकं खाजवत बसला. खरं सांगू? माझंही डोकं चालेनासं होतं. इतक्या पिढ्यांत इतकी पोरं धाडली, आणि कुणालाच हे सुचू नये?

तेवढ्यात तानीची आई पुढं झाली. "लाठ्या कुणाच्या हातात होत्या? ज्यांच्या होत्या त्यांनी जावं की राहायला!"

 मग आजोबांनी तानीच्या हातातला तुकडा घेतला आणि मुकाट्यानं खाल्ला. ते पल्याड गेले, पल्याडचे कारभारी अल्याड आले. पोरं आपापल्या आयांकडं पळाली.

पुढं एका उन्हाळ्यात बंधाऱ्यावर पुन्हा आवाज चढले. तेव्हा हेच दोन म्हातारे धापा टाकत सगळ्यांच्या आधी तिथं पोचले आणि सूर्य मावळायच्या आत पाणी वाटून मोकळे झाले. पूर्वी पोरांचे जीव टांगणीला असायचे, तेव्हा त्यांना असं धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा ध्यानात ठेवा: मोठ्यांच्या भांडणाला मोठ्यांनीच जामीन राहावं, लेकरं ओलीस ठेवून होतो तो सलोखा नव्हे.