ठकूबायचे सात दिवस

फार वर्षांपूर्वी, वेळंब्याच्या पठारावर बैलगाडीची वाटही गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गवळी-धनगरांची बारा घरं, चाळीस गुरं आणि पाण्याला एकच डोह. गुरांचं दुखणंखुपणं ठकूबाय बघायची. तिचा हात फिरला की बसकण मारलेली म्हैस उठून चरायला जायची, असं म्हणतात.

एका वर्षी खालच्या गावांत बुळकांडी आली. हा रोग गोठेच्या गोठे रिकामे करायचा. पठारावर जुनी रीत होती. जनावराच्या कानातलं थेंबभर रक्त वाटीतल्या पाण्यात सोडायचं. थेंब सरळ तळाला गेला की रोग शिरला म्हणायचं आणि जनावर दरीत हाकलायचं. वाटीनं अकरा गुरं धरली. त्यांत भागो झोरेची गाभण मोरी होती आणि ठकूबायची लाडकी तांबूही.

ठकूबायची रीत निराळी. मागच्या साथीतून वाचलेल्या म्हशीचं रक्त ती थिजू द्यायची, वर आलेलं पिवळं पाणी पळसाच्या पानावर घ्यायची आणि त्यात थेंब मिसळायची. रक्त फुटून कणी धरली तर रोग, नाहीतर नाही. पानानं अकरांतली चारच धरली. मोरी सुटली, तांबू सुटली. भागोचा जीव भांड्यात पडला.

पण म्हातारी माणसं वाटी सोडेनात. तेव्हा ठकूबाय म्हणाली, "दरीत कुनाला धाडू नका, अन् कळपातबी सोडू नका. अकराच्या अकरा सात दिस माझ्या गोठ्यात बांधते. जनावरच सांगंल."

भागो हळूच म्हणाला, "बाय, तांबूला तरी सोड. तुझंच पान म्हनतंय, ती चांगली हाय."

तिच्याही मनात तेच होतं. तांबू सारखी हंबरत होती.

"माझी म्हून येगळी न्हाई," एवढं बोलून तिनं दावं आणखी घट्ट केलं.

त्या सात दिवसांत पठारावर एकाही गुराच्या गळ्यातली घंटा वाजली नाही, असं म्हणतात. पानानं धरलेली चार गुरं गेली. सहा ठणठणीत राहिली. आणि सहाव्या दिवशी तांबूनं मान टाकली. पान चुकलं होतं.

ठकूबाय पोटभर रडली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "वाटी लई भिते, पान लई भरवसा ठेवतं. दोघांलाबी इचारा. त्यांचं जुळलं न्हाई, तर सात दिस थांबा."

आठव्या सकाळी मोरी डोहावर गेली, तेव्हा साऱ्या घंटा आपोआप वाजल्या म्हणे.

आता सरकारी डॉक्टर येऊन रक्त तपासायला नेतात. कागद चांगला आला तरी पठारावर नवं जनावर सात दिवस वेगळं बांधतात, मग ते सरपंचाचं का असेना. आठव्या दिवशी त्याला डोहावर नेताना ठकूबायच्या आणि तांबूच्या नावानं वाटीभर दूध पाण्यात सोडतात. भागोचं ऐकून ठकूबायनं तेव्हा लाडकीचं दावं सोडलं असतं, तर ती वाटी भरायला पठारावर एकही गाय उरली नसती.