मूठभर भुसा

गाड्या अजून एकमेकींशी बोलत होत्या, त्या काळातली ही गोष्ट.

दौलतशेठच्या आवारात जुन्या गाड्या विकल्या जायच्या. तिथल्या एका निळ्या मोटारीचे गिअर झिजले होते. गाडी सुरू केली की ते कण्हायचे आणि गिऱ्हाईक मागच्या पावली परत जायचं. न खपलेल्या गाड्या शेठ खोलून सुट्या भागांत विकायचा, त्यामुळे मोटारीचा जीव टांगणीला लागला होता.

"गप्प बसा ना, गिऱ्हाईक आलंय," ती गिअरना विनवायची.

"बये, आम्ही कण्हतो म्हणून लोक सावध होतात," गिअर म्हणायचे.

शेवटी शेठनं तेलात मूठभर लाकडाचा भुसा कालवून गिअरबॉक्समध्ये ओतला. गिअर मुके झाले. मोटार हरखली.

दुसऱ्याच दिवशी एक नवराबायको लहानग्या मुलीला घेऊन आले. "जरासुद्धा आवाज नाही हो!" बायको म्हणाली. त्यांनी मोटारीला हार घातला, चाकांखाली लिंबं चिरडली आणि तिघं तशीच देवीच्या गडाकडे निघाली.

घाटाच्या चढावर भुसा जळला, गिअर निसटला आणि मोटार मागे घरंगळत दरीत गेली.

क्रेननं तिला परत त्याच आवारात आणून टाकलं. तिच्या सीटखाली एक छोटीशी चप्पल राहिली होती. शेठनं ती भिरकावली, मोटारीचे गिअर काढले आणि धुऊन शेजारच्या पांढऱ्या गाडीला बसवले. ते पुन्हा कण्हू लागले.

"कण्हू दे गं त्यांना," चेपलेली मोटार कळवळून म्हणाली.

पांढरीचं लक्ष फाटकाकडे होतं. एक माणूस लेकराला कडेवर घेऊन आत येत होता.

"गप्प बसा ना," ती गिअरना म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय."