कानडी मुलखात उघडलेले कान

एके काळी कृष्णेकाठी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्यापाशी सात वर्षे शिकलेला श्रीपती नावाचा शिष्य स्वतंत्रपणे रोगी तपासण्याची अनुज्ञा मागू लागला. शिष्य मोठा हुशार, सगळी औषधे त्याला मुखोद्गत. पण गावातल्या तान्हाबाईंच्या पोटातली कळ काही केल्या थांबेना. त्याच्या पाचकाच्या पुड्या खाऊन खाऊन बिचारी वाळून काटकी झाली होती. वैद्यबुवांनीही चूर्ण बदलून पाहिले, पण गुण म्हणून येईना.

एके सकाळी बुवा म्हणाले, "श्रीपती, अनुज्ञा देईन. पण आधी नदीपलीकडे कानडी मुलखात माझ्या वैद्य स्नेह्याकडे दोन महिने राहा आणि कानडी शिकून ये."

श्रीपती मनातून चडफडला. रोगी मराठी, वैद्य मराठी आणि शिकायची कानडी! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! पण गुरूची आज्ञा, निघाला मुकाट्याने.

तिकडे एक म्हातारा कुंभार औषधाला आला. त्याने आपले दुखणे सांगितले, ते श्रीपतीला कळले नाही. मग त्याने मोडक्या कानडीत विचारले, कुठे? केव्हा? कसे? म्हाताऱ्याने मूठ आवळून, सोडून, पुन्हा आवळून दाखवली. सारे लख्ख समजले. तेवढ्यात म्हातारा सहज म्हणाला, "तुमच्या मराठीत ह्याला काय म्हणतात?"

श्रीपती शब्द शोधू लागला. ठणका? चमक? कळ? आईच्या मांडीवर ऐकलेले शब्द. पण कुठले दुखणे कुठल्या शब्दाचे, ते सांगता येईना. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दोन महिने पुरे होताच तो तडक तान्हाबाईंच्या दारात गेला. "काकू, कळ येते म्हणजे नेमकं कसं होतं? जेवल्यावर येते का?"

"आरं बाबा, जेवल्यावर कुठली? रिकाम्या पोटी उठती. घास पोटात गेला की जाती."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कधी? मी 'कळ' म्हणायचा अवकाश, तुझी पुडी तयार!"

श्रीपतीने पाचक बंद करून ज्येष्ठमध आणि दूध सुरू केले. पंधरा दिवसांत तान्हाबाई पाण्याची घागर घेऊन नदीवरून येऊ लागल्या.

बुवांनी शिष्याला जवळ बसवले. "परक्या भाषेत आपण अडाणी असतो, म्हणून विचारतो. आपल्या भाषेत शब्द कानावर पडला की समजलंच, असं वाटतं आणि ऐकणं तिथेच संपतं. तरुणपणी माझेही कान त्याच गावात उघडले होते, म्हणून तुला धाडलं. पण बघ, चाळीस वर्षांत ते पुन्हा कधी मिटले, मला कळलंसुद्धा नाही."

श्रीपतीने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. बुवा म्हणाले, "उद्यापासून रोगी तू तपास. मी शेजारी बसून ऐकेन."