पेवाचा दोर

कुणाच्या पणज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, डोंगराच्या कुशीत एक गाव होते. गावाच्या मधोमध जमिनीत खोल खणलेले धान्याचे पेव होते. सुगी झाली की कामाचे हात असलेले प्रत्येक घर आपला वाटा त्यात ओतायचे. ज्याचे हात थकले, त्याने कडुलिंबाच्या फांदीला आपला विळा टांगायचा आणि त्या दिवसापासून पेवातले खायचे. म्हातारपणी लेकासुनेच्या तोंडाकडे बघायची वेळ कुणावर येत नसे.

एक दंडक मात्र होता. पेवात किती उरले ते बोलायचे नाही. बोलले की धान्याला दृष्ट लागते.

पेवात उतरायचे काम सुभानाकडे होते. कमरेला दोर बांधून तो खाली जाई आणि टोपल्या भरून वर पाठवी. पूर्वी उतरताच त्याचे पाय धान्यात रुतत. आता दोर संपला तरी पाय अधांतरी राहत. मग तो दोराला नवा तुकडा जोडी, गाठ मारी आणि गप्प बसे.

गप्प का? पुढच्या सुगीला त्याचाच विळा टांगायचा होता. गुडघे कुरकुरत होते. आपल्यापुरते पुरेल, असे तो मनाला समजावी. पण मन काही समजत नसे.

इकडे फांदीवरचे विळे वाढत होते, शेतातले कमी होत होते. फांदी वाकली, तेव्हा पाटलाने तिला टेकू लावला. धान्य कमी पडू लागले, तेव्हा त्याने तरुणांनी ओतायचा वाटा वाढवला. तरुण एकेक करून नदीपलीकडे गेले. उरलेल्यांचा वाटा आणखी वाढला.

सुगी आली. विळा टांगायला वाजतगाजत न्यायला सुभानाच्या दारी वाजंत्री आली. तेवढ्यात त्याची भाची गोजरा कडेवर पोर आणि डोक्यावर बोचके घेऊन निरोप घ्यायला आली.

"आजच्या दिवशी निघालीस?" सुभाना म्हणाला.

"निघायच्या आधी एक विचारायचं होतं, मामा. आम्ही ओतत राहू. पण आमचे विळे टांगायची वेळ येईल, तेव्हा पेवात काय असेल?"

सुभानाने विळा उचलला आणि तो वाजंत्रीमागे चालू लागला.

कडुलिंबाखाली सारा गाव जमला. सुभानाने विळा वर नेला, आणि हात तिथेच थांबला.

"टांग की रे," कित्येक वर्षे पेवातले खाणारी येसूआत्या म्हणाली. "बायको माहेरी गेली की तिच्यावाचून राहायचास, विळ्यावाचून राहवेना होय?"

लोक हसले. सुभानाने विळा खाली ठेवला. पेवाचा दोर आणून त्याने सगळ्यांसमोर झाडाखालच्या अंगणभर पसरला. गाठीमागून गाठ, गाठीमागून गाठ. दोर अंगण ओलांडून ओढ्याकडे गेला. हसू विरले. वाजंत्री आपोआप थांबली.

"सणाच्या दिवशी हे दाखवायचं होतं?" पाटील पुटपुटला.

"दृष्ट बोलण्यानं लागली नाही, पाटील. माझ्या गप्प बसण्यानं लागली."

मग येसूआत्याच म्हणाली, "माझी टोपली यापुढं शिगोशीग नको. सपाट भर."

तिथून बोलणी सुरू झाली, भांडणेही झाली. अखेर ठरले : हात थोडेफार चालतात तोवरही विळा टांगायचा नाही, तरुणांचा वाटा वाढवायचा नाही, आणि दर सुगीला दोर सगळ्यांना दाखवायचा.

ते वर्ष ओढगस्तीचेच गेले. सुभाना गुडघ्यांना तेल चोळून पुन्हा शेतात उतरला. गोजराने बोचके खाली ठेवले. त्याची गाठ सोडली मात्र नाही. पुढच्या सुगीचा दोर बघून सोडीन, म्हणाली.

लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा : सर्वांच्या ठेव्याचा तळ 'आपल्यापुरते पुरेल' म्हणून जो झाकतो, तो पुढच्यांच्या ताटातला घास काढून घेतो.