पाणमांजरं मोजणारा म्हातारा

फार पूर्वी एका खाडीच्या तोंडाशी मासेमारांचं एक गाव होतं. त्या गावात कुणी काही मोजत नसे. मासे वाटे लावून विकायचे, मुलं किती असं विचारलं तर "देवाच्या दयेनं आहेत" म्हणायचं, आणि समुद्रावर गेलेल्या होड्या तर चुकूनही मोजायच्या नाहीत. मोजलं की घटतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती.

अशा गावात परमुलखातला एक म्हातारा येऊन राहिला. रोज सकाळी तो खडकावर बसायचा, खाडीतली पाणमांजरं मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सहा वर्षं त्याचा हाच नेम होता.

बायका हसायच्या. "बाबा, आमचे नवरे तेवढे मोजू नका हो, एकेकच आहेत!"

गावच्या तांडेलाला मात्र हसू येईना. सगळ्या होड्यांचा तो म्होरक्या. शेवटी एके दिवशी तो खडकावर चढला.

"काय मोजता?"

"पाणमांजरं. आज नऊ आहेत."

"कशापायी?"

"पूर्वी घरात रोज चार पानं वाढायचो. आता एकच. मोजायची सवय तेवढी राहिली."

तांडेलाला ते पटलं नाही. ज्याला आवड असते तो नुसता बघतो. मोजतो तो घेणारा, नाहीतर घेणाऱ्याला खबर देणारा. कुणा कातडीवाल्याने पाठवला असेल याला! त्याने वही ओढून उघडली. आत लिहिलं होतं: 'पाणमांजरं नऊ, त्यांत पिल्लं दोन. होड्या अकरा.'

"आमच्या होड्यासुद्धा?"

"होड्या गेल्याशिवाय ती बिळातून बाहेर येत नाहीत. म्हणून तेही टिपतो."

"पुन्हा होड्या मोजल्यात तर ही वही खाडीत जाईल, सांगून ठेवतो."

चार दिवसांनी भर दुपारी वारा फिरला. होड्या धडपडत किनाऱ्याला लागल्या. बायका आपापली माणसं घेऊन घरी गेल्या. तांडेल खाडीकाठच्या आपल्या दारात ओलं धोतर पिळत होता, तोच म्हातारा धापा टाकत आला.

"अकरा गेल्या होत्या. दहाच आल्या."

तांडेलाचं डोकं फिरलं. "मोजू नका म्हणून बजावलं होतं ना? लावलीत ना नजर!" त्याने म्हाताऱ्याच्या हातातली वही हिसकली आणि खाडीत भिरकावली. सहा वर्षांची पानं पाण्यावर पसरली.

म्हातारा म्हणाला, "वही गेली तरी आकडा अकराच. माझ्यावर विश्वास ठेवू नका. किनाऱ्यावर चला आणि तुम्हीच मोजा."

तांडेल घुटमळला. मोजलं आणि आणखी एखादी घटली तर? असल्या वाऱ्यात माणसं पाण्यात घालण्याचाच याचा डाव असला तर? पण म्हातारा चालूही लागला होता. तांडेल त्याच्यामागे निघाला.

किनाऱ्यावर त्याने जन्मात पहिल्यांदा मोजायला बोट उचललं. एक, दोन, तीन... दहावर बोट थांबलं. निळी होडी नव्हती.

ती त्याच्या धाकट्या भावाची. दोघांत दोन वर्षं बोलणं नव्हतं. भाऊ एकटा राहायचा. दारात त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून तो आला नाही हे गावात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तांडेलाने चौघांना हाका मारल्या आणि होडी पाण्यात लोटली. खाडीच्या तोंडाशी, जाळं बांधायच्या खांबाला भाऊ मिठी मारून होता. पाणी हनुवटीला टेकलं होतं. त्याची होडी केव्हाच फुटली होती.

वर ओढल्यावर तो कसाबसा बोलला, "तुला रे कुणी सांगितलं?"

"ज्याला मी चोर समजत होतो, त्यानं."

संध्याकाळी तांडेल चिखलातून वेचलेली पानं घेऊन म्हाताऱ्याकडे गेला. शाई धुऊन गेली होती. एक अक्षर उरलं नव्हतं.

"बाबा, सहा वर्षं बुडवली मी तुमची."

म्हाताऱ्याने पानांवरून हात फिरवला. "राहू द्या. तुमचा भाऊ घरी एकटाच शेकत बसला असेल. माझ्यापाशी काय थांबलात? त्याच्याकडे जा."

तात्पर्य इतकंच: मोजणारा प्रत्येक जण काही न्यायलाच आलेला नसतो, मागे कुणी राहिलं तर नाही ना, हे पाहण्यासाठीही मोजावं लागतं.