चिंधीची कणी आणि म्हातारी स्टेपनी

एक होतं घर. त्या घराला होती चाकं.

हसताय काय? होती म्हणजे होती! पुढं हॉर्न, मागं शिडी, मधे चूल आणि दोन खाटा. त्याचं नाव घरगाडी. घरगाडीत राहायची सरूआक्का आणि तिचा धाकटा भाऊ हैबती. दोघं जत्रेत उंच पाळणा लावायची. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. गाडी निघाली, घुर्र घुर्र घुर्र, की घरच निघालं!

गाडीच्या पाठीवर टांगलेलं एक जादा चाक. रस्त्यात एखादं चाक फुटलं, तर हे लावायचं. त्याला म्हणतात स्टेपनी. पण आक्काच्या गाडीचं चाक कधी फुटलंच नाही. एकदाही नाही! स्टेपनी आपली टांगलेली. उन्हात टांगलेली. पावसात टांगलेली. टांगून टांगून म्हातारी झाली बिचारी.

पण कुणाला कळेल तर शपथ! दर दसऱ्याला हैबती तिला काळा रंग द्यायचा. चकचक चकचक! लोक म्हणायचे, वा, काय नवीकोरी स्टेपनी! रंग आपला वरून. आतून ती तडकलेली.

त्या स्टेपनीच्या पोटात राहायची चिंधी उंदरी. चिंधी एवढीशी. तिची एक पोर होती, कणी. ती तर एवढ्ढीशी! चिंधीचा सगळा जीव त्या कणीत.

एक दिवस काय झालं, गाडी थांबली होती घाटाच्या पायथ्याला, एका बाभळीखाली. कणी खेळत होती. खेळता खेळता घसरली. घसर्र... टुप्!

पडली ती स्टेपनीच्या मागं. तिथं रंग पोचत नाही. तिथं होती एक मोठी चीर. त्या चिरेत कणीचा पाय अडकला. इकडून पत्रा, तिकडून रबर. पुढं जाता येईना, मागं येता येईना.

"चीं चीं चीं चीं चीं!"

चिंधी धावली. तुरुतुरु तुरुतुरु. कणीची शेपटी दिसत होती. पण हात पोचेना. झाली की नाही पंचाईत?

चिंधी म्हणाली,
"स्टेपनीआजी, स्टेपनीआजी,
माझी कणी निघत नाही.
हल ना गं थोडी!"

स्टेपनी म्हणाली, "मी काय करू गं? माझ्याच चिरेत पाय अडकलाय तिचा. माझ्याच! पण मला हलता येत नाही. नट मला घट्ट धरून बसलाय. आधी नटाला सांग."

आणि म्हातारी रडायला लागली. चिंधीला तर आधीच रडू येत होतं. पण रडत बसून कसं चालेल?

चिंधी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली नटाकडे.

"नटा रे नटा,
स्टेपनी हलत नाही,
माझी कणी निघत नाही.
फिर ना रे थोडा!"

नट म्हणाला, "मी काय करू गं? दर दसऱ्याला रंग, दर दसऱ्याला रंग! रंगात बुडालोय मी. आपला आपण फिरत नाही. आधी पान्याला सांग."

चिंधी मागं आली. कान लावला.
"कणी, आहेस ना?"
"चीं चीं चीं चीं."

चिंधी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली पान्याकडे. पाना म्हणजे नट फिरवायचं हत्यार. लांब, जड, लोखंडी. पण आज तो पेटीत नव्हता. आज तो बसला होता पाटावर! अंगाला हळद, डोक्यावर झेंडू. शेजारी पक्कड, शेजारी हातोडी. पुढं दिवा. कारण आज होती खंडेनवमी. दसऱ्याचा आदला दिवस. या दिवशी हत्यारांची पूजा. हत्यारांना सुट्टी!

"पान्या रे पान्या,
नट फिरत नाही,
स्टेपनी हलत नाही,
माझी कणी निघत नाही.
ऊठ ना रे थोडा!"

पाना म्हणाला, "मी काय करू गं? मी पूजेला बसलोय. आपला आपण उठत नाही. हैबतीमामा हात लावेल, तेव्हा उठेन. आधी मामाला सांग."

चिंधी मागं आली. कान लावला.
"कणी, आहेस ना?"
"चीं चीं चीं."

बाई गं! मघाशी चार होते, आता तीनच. 

चिंधी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली हैबतीमामाकडे. मामा रंगाचा डबा उघडत होता. आणखी कशाला? स्टेपनी रंगवायला!

"मामा रे मामा,
पाना उठत नाही,
नट फिरत नाही,
स्टेपनी हलत नाही,
माझी कणी निघत नाही.
हात लाव ना रे थोडा!"

मामाचा ब्रश हातातच राहिला. "अरे अरे अरे! पण मी काय करू गं? आज हत्याराला हात लावायचा नाही. आक्का हो म्हणेल, तेव्हा लावेन. आधी आक्काला सांग."

एवढा मोठा मिशाळ मामा, पण आक्कापुढं मांजर! मांजर म्हटल्यावर चिंधी दचकली. दचकली आणि पळाली.

चिंधी मागं आली. कान लावला.
"कणी, आहेस ना?"
"चीं चीं."

चिंधी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली सरूआक्काकडे. आता ऐका हं, चिंधी कुणाला भीत नसेल इतकी आक्काला भ्यायची. आक्काला उंदीर दिसला की झाडू आलाच! पण काय करील बिचारी? पोर अडकलीय ना. गेली, आणि आक्काच्या पायाशीच उभी राहिली.

"आक्का गं आक्का,
मामा हात लावत नाही,
पाना उठत नाही,
नट फिरत नाही,
स्टेपनी हलत नाही,
माझी कणी निघत नाही.
हो म्हण ना गं एकदा!"

आक्कानं झाडू उचलला. मग खाली ठेवला. आक्का म्हणाली, "मी काय करू गं? आमच्या आबांची रीत आहे. पूजेचा दिवा जळतोय तोवर हत्यार उचलायचं नाही. आणि दिव्याला फुंकर मारायची नाही. दिवा शांत होईल, तेव्हा हो म्हणेन. आधी दिव्याला सांग."

चिंधी मागं आली. कान लावला.
"कणी, आहेस ना?"
"चीं."

एकच! तोही एवढासा. स्टेपनी म्हणाली, "चिंधे, पळ गं. मी श्वास धरून बसलेय. पण माझं रबर आकसतंय. लवकर ये."

चिंधी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखत होते तरी तुरुतुरु. गेली दिव्याकडे.

"दिव्या रे दिव्या,
आक्का हो म्हणत नाही,
मामा हात लावत नाही,
पाना उठत नाही,
नट फिरत नाही,
स्टेपनी हलत नाही,
माझी कणी निघत नाही.
शांत हो ना रे एकदा!"

दिवा म्हणाला, "मी काय करू गं? तेल आहे तोवर मला जळायलाच हवं. तेल संपेल, तेव्हा शांत होईन. आधी तेलाला सांग."

चिंधी मागं आली. कान लावला.
"कणी, आहेस ना?"

काही नाही.

"कणी? ए कणी? आहेस ना गं?"

काहीच नाही.

 चिंधी मोठ्यानं रडली. स्टेपनीला धरून रडली. मग नाक पुसलं आणि निघाली. तुरुतुरु नाही. या वेळी ती पडत, उठत, धडपडत गेली.

"तेला रे तेला,
दिवा शांत होत नाही,
आक्का हो म्हणत नाही,
मामा हात लावत नाही,
पाना उठत नाही,
नट फिरत नाही,
स्टेपनी हलत नाही,
माझी कणी... माझी कणी बोलतसुद्धा नाही!
संप ना रे एकदा!"

तेल म्हणालं, "मी काय करू गं? आपलं आपण कसं संपू? मला कुणी पीत नाही."

"कुणी पीत नाही?" चिंधी म्हणाली. "मी पिते!"

उंदरीच ती! तेल तिला आवडायचं. रोज चोरून प्यायची आणि झाडू खायची. पण आज दिवा जळत होता. तेल गरम होतं. ज्योत अगदी नाकाशी. कुणीही म्हणालं असतं, नको रे बाबा.

चिंधी वाकली. चुटुक चुटुक. जीभ भाजली. चुटुक चुटुक. चर्र! मिशा जळल्या. चुटुक चुटुक चुटुक. थांबली म्हणून नाही.

दिवा वरून बघत होता. दिवा म्हणाला, "पी बाळ, सगळं पी. मी जातो." ज्योत लहान झाली. आणखी लहान झाली. एवढीशी झाली. आणि मग नव्हतीच.

तेल संपलं.
दिवा शांत झाला.
आक्का म्हणाली, "हो हो हो! हैबती, ऊठ लवकर!"
मामानं हात लावला.
पाना उठला. झेंडू पडला, हळद सांडली, कुणी बघितलं नाही.
पान्यानं नटाला धरलं. कर्र! फिरेना. कर्र कर्र! फिरेना. दहा दसऱ्यांचा रंग तो, सहज कसा सुटेल? मामा लोंबकळला. आक्का लोंबकळली. कर्र कर्र कर्र... टक्क!
नट फिरला.

"सावकाश," आक्का ओरडली. "खाली गोणपाट टाक. बोटं सांभाळ!" दोघांनी मिळून स्टेपनी उतरवली. हळू... हळू... थप्प.
स्टेपनी हलली.
चीर उघडली.
कणी निघाली.

कणी निघाली, पण हलत नव्हती. गोणपाटावर पडली होती, डोळे मिटून. चिंधी तिला चाटायला लागली. जीभ भाजलेली होती, तरी चाटत राहिली. पाठ चाटली. पोट चाटलं. दुखरा पाय चाटला. आक्का तोंडाला पदर लावून बसली. मामा श्वास घेत नव्हता. स्टेपनीही नाही.

"चीं."

"आहे!" आक्का किंचाळली. "अरे आहे आहे आहे!" आणि झाडूवाली आक्का घळाघळा रडली.

मग हैबतीनं स्टेपनीची मागची बाजू बघितली. पहिल्यांदाच बघितली. चिरेत बोट घातलं. अख्खं बोट आत गेलं! शेजारी दुसरी चीर. शेजारी तिसरी. मामा म्हणाला, "आक्का, उद्या घाट चढायचाय. चाक फुटलं असतं आणि हिला लावली असती, तर?"

आक्का म्हणाली, "दरवर्षी रंग दिला. एकदाही मागून हात फिरवला नाही. चुकलं रे आपलं. फार चुकलं."

स्टेपनी ऐकत होती.  आपल्या चिरा तिला आधीच ठाऊक होत्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच मामा बाजारात गेला आणि नवी स्टेपनी घेऊन आला. पाठीवर चढवली. नटाला ग्रीस लावलं. रंग नाही हं, ग्रीस! नवी स्टेपनी काळीभोर, गुळगुळीत. जुनी बाभळीला टेकून बघत होती.

"मी कधी चढायचं?" जुनीनं विचारलं.

मामा खाली बघायला लागला.  मग आक्का आली. तिच्या हातात आपट्याचं पान होतं. दसऱ्याला मोठ्या माणसांना देतात ना, तसं. आक्कानं ते स्टेपनीला दिलं. "सोनं घ्या, आजी," ती म्हणाली. आणि वाकून नमस्कार केला. मामानंही केला.

"चल गं चिंधे," मामानं हाक मारली. "नव्या स्टेपनीत मस्त जागा आहे."

चिंधी शिडीवर चढली. नवी जागा हुंगली. जागा खरंच मस्त होती. मऊ होती, उबदार होती, चीर एकही नव्हती. चिंधीनं खाली बघितलं. बाभळीखाली स्टेपनी एकटी होती.

चिंधी खाली उतरली.

घुर्र घुर्र घुर्र. घरगाडी निघाली. आक्का खिडकीतून हात हलवत होती. घुर्र घुर्र. गाडी वळणावर गेली. घुर्र. मग तेही ऐकू येईना.

"गेली?" स्टेपनीनं विचारलं.

"गेली," चिंधी म्हणाली.

स्टेपनी रडायला लागली. चिंधीनं तिला रडू नको म्हटलं नाही. घर गेल्यावर रडू येणारच. ती लंगड्या कणीला घेऊन तिच्या पोटात शिरली. आपट्याचं पान खाली अंथरलं. कणीला त्यावर निजवलं. आणि मग तिघी मिळून खूप रडल्या, आणि रडता रडता झोपल्या.

बाभळीची सावली लवंडली, आमची गोष्ट तिथंच थांबली.