देवाचं ताट

तुळाजीराव इनामदारांना देव व्हायची लहर आली. त्यांनी स्वतःचा पितळी मुखवटा भैरोबाशेजारी बसवला आणि भागा गुरविणीला दरडावलं, "देवाचं जे जे करतेस, ते सगळं आमचंही करायचं. चुकलीस तर देवळातून हाकलून देईन!"

"जशी आज्ञा, सरकार."

जत्रेच्या पंगतीत इनामदार सगळ्यांच्या आधी बसले. भागाने पुरणपोळीचं ताट पुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले आणि ताट उचलून निघाली.

"अगं ए, ताट कुठं नेतेस?"

"घरी, सरकार. देवाला नैवेद्य नुसता दाखवायचा, खायचा आम्ही. आणि भैरोबानं आजवर कधी ताटासाठी ओरडा केला नाही."

इनामदारांनी पोळीकडे पाहून आवंढा गिळला. "आधी तो मुखवटा उतरव," ते म्हणाले, "आणि तूप वाढ."